अक्षरी रुपये शून्य फक्त

“ताई, तुमच्या दरपत्रकात वेबसाइटच्या साच्याचा दर भरायचा राहिलाय. भरून परत पाठवता का?”

फोन वसमतहून होता, रागिणीचा. तिथं हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची एक कंपनी आहे, तिची ही व्यवस्थापक. कंपनीचं नाव राहू द्या, उगाच कुणाला लागायचं. शिलानं एका हातानं झेरॉक्स मशिनचं झाकण दाबून धरलं होतं, दुसऱ्या हातात फोन, आणि समोर सातबाऱ्याच्या प्रती काढायला चार माणसं उभी.

“राहिला न्हाई म्याडम. तिथं शून्य लिवलंय की.”

“ते दिसलं मला. पण शून्य म्हणजे... वाटलं, आकडा नंतर टाकणार असाल.”

“आकडाच हाय तो. इचार करून लिवलाय.”

पलीकडून रागिणी म्हणाली, “शून्याचं दरपत्रक आमच्याकडं कधी आलंच नाही हो. अध्यक्ष आहेत ना, अप्पा, त्यांना विचारून सांगते.” आणि फोन ठेवला.

आता ही शिला कोण, ते आधी ऐकून घ्या. गोरेगावात सेनगावच्या जीपा जिथं उभ्या राहतात, तिथं समोरच एक पत्र्याचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, शिला ऑनलाइन सेवा. पीकविमा, आधार, नोकरीचे फॉर्म, फोटोला लॅमिनेशन, जे मागाल ते. वय तीसच्या आत-बाहेर, सासर साखऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या तांड्यावर. नवरा योगेश, त्याच स्टँडवर जीप चालवतो. हिंगोलीला बीसीए शिकलेली, पुण्याला एका कंपनीत आठ महिने काम केलेली ही बाई गावाकडं परत का आली, असं लोक विचारतात. तिला राहायचं होतं इथं, म्हणून आली. ह्याहून जास्त उत्तर तिनं कुणाला दिलं नाही आणि द्यायचं कारणही नाही.

पण पुण्यातल्या त्या आठ महिन्यांनी तिच्या हाताला एक नाद लावला. तिथला साहेब आठवड्याला तीन-तीन वेबसाइटी मागायचा. कशा होणार? तेव्हा तिला कळलं की जगात कुठं कुठं बसलेली माणसं वेबसाइटचे साचे तयार करतात आणि इंटरनेटवर उघडे ठेवून देतात. घ्या, वापरा, बदला, मोडा. साचा म्हणजे काय, तर वरचा पट्टा कुठं, फोटो कुठं, मजकूर कुठं, बटण दाबलं की काय उघडावं, हे सगळं आधीच मांडून ठेवलेलं. आपण आपलं नाव आणि माल भरायचा. शिला ते साचे नुसते वापरायची नाही, उलटे करून आतून बघायची. कुणी काय कसं बांधलंय, कुठं नीट, कुठं नुसती टाचणी. कॉलेजात तीन वर्षं जे समजलं नाही, ते तिला ह्या अनोळखी माणसांच्या उघड्या कामातून समजलं. हे ती कुणालाही ठणकावून सांगते.

फुकटचं सगळं चांगलंच असतं, असं ती कधी म्हणत नाही बरं का. गोरेगावात आल्यावर तिनं चाळीस साचे मराठीत चालवून बघितले. तीसेक तर लगेच बाद. इंग्रजीच्या मापानं ओळी इतक्या चिकटून बांधलेल्या की मराठी टाकलं की वरचे अनुस्वार कापले जायचे आणि खालचे उकार पुढच्या ओळीत घुसायचे. मसाल्याचं दुकान उघडावं आणि ‘गुंटूर मिरची’मधलं काहीच धड दिसू नये, असला प्रकार. मग तिनं पदरचे पैसे घालून विकतचे चार घेतले. त्यांचीही तीच गत. फरक एवढाच, की विकतच्यांबरोबर माफीची चिठ्ठी येत नव्हती आणि फुकटवाल्यातला एक जण तरी लिहून कळवायचा, बाई, चूक दाखवली, बरं केलं.

शेवटी तिनं स्वतःच साचा बांधायला घेतला. शेतमाल विकणाऱ्यांसाठी, मराठीत, आणि आपल्याकडच्या फोनवर उघडेल असा. शेवटची अट ऐकायला सोपी आहे. तांड्यावर येऊन बघा मग कळेल. तिथं रेंजची एक काडी येते, ती पण वाऱ्यावर हलल्यासारखी. म्हणून साचा तपासायची जागा तिनं ठरवली ती सासूची चूल.

सासू जिवनबाई. शिला तिला याडीच म्हणते, बंजारा बोलीत आई. जिवनबाई अंगणातल्या चुलीवर भाकरी टाकायची आणि शिला बाजूला जुना, काच तडकलेला फोन धरून बसायची. भाकर तव्यावर पडली की पान उघडायचं बटण दाबायचं, आणि भाकर उलटायच्या आत पान पूर्ण उघडलं पाहिजे.

“उलटू का?” जिवनबाई विचारायची.

“थांब गं याडी, फोटो यायलाय.”

“भाकर जळून राहिली, फोटोचं काय घेऊन बसलीस! उलटली बघ.”

उलटली की संपलं. शिला परत दुकानात जायची, फोटो हलके करायची, नको ते काढायची, आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपाशी. असं चार महिने चाललं. योगेश म्हणायचा, “आमच्या घरी इंटरनेट पण ज्वारीवर चालतं.” थट्टा करायचा, पण हलक्या केलेल्या प्रत्येक फोटोची नोंद त्याला तोंडपाठ होती.

जिवनबाईला वेबसाइट कळत नव्हती, पण साचा कळत होता. तिची कशिदाकारी सगळ्या तांड्यात नावाजलेली. काच, कवड्या, लाल-निळ्या दोऱ्याची. त्या तांड्यावर एक रीत आहे. कुणाच्या ओढणीवरचा नमुना आवडला तर मागायचा, समोरचीनं तो दाखवायचाच, नाही म्हणायचं नाही. पैसा घ्यायचा नाही. पण पुढं कुणी विचारलं, हा नमुना कुणाचा, तर जिच्याकडून घेतला तिचं नाव सांगायचं. एकदा पेमा नावाच्या तिच्या मैत्रिणीनं जिवनबाईचा नमुना लग्नात स्वतःचा म्हणून मिरवला. जिवनबाईनं भर हळदीच्या मांडवात तिला ऐकवलं, “घेतला ते बराबर केलं. नाव काहून गिळलं?” दोघी आजही गोड बोलतात, पण पेमा त्यानंतर नाव सांगायला चुकली नाही.

शिलानं साचा इंटरनेटवर उघडा ठेवला तेव्हा खाली हीच रीत लिहिली. कुणीही घ्या, बदला, पाहिजे तर विका. फक्त खालची एक ओळ ठेवा: साचा शिला आडे यांचा, तपासणी जिवनबाई आडे यांची. आणि नमुन्याचा फोटो म्हणून तिनं जिवनबाईचा उजवा हात टाकला. तळव्यावर चार हळकुंडं, मनगटावर गोंदणाचे तीन ठिपके, आणि विळा लागून टोकाशी वाकडं झालेलं पहिलं बोट.

इथवर सगळं गोड. घोडं अडलं ते पुढं. गोरेगावात बायकांचे तीन बचत गट पापड-मसाल्याचं काम करतात. शिलानं त्यांना साचा दाखवला, त्यांना आवडला, आणि फुकट आहे म्हटल्यावर तिन्ही गटांच्या अध्यक्षांचे चेहरे पडले. आपल्याकडं फुकट म्हटलं की नाक मुरडलंच म्हणून समजा. फुकटची गोळी अंगाला लागत नाही, तीच गोळी दुकानातून विकत आणली की ताप उतरतो! त्यातली शकुंतलाबाई तर सरळ म्हणाली, “वसमतची हळद कंपनी नवीन वेबसाइट करून राहिली म्हणे. त्यायनं तुझा घेतला तर आमी तिघी डोळे झाकून घेऊ. त्यायनं न्हाई म्हटलं तर आमाला पण नको.”

झालं. आता सगळा डाव वसमतवर आला. शिलानं दरपत्रक पाठवलं ते म्हणून. त्यात दोन ओळी होत्या. पहिली, साचा: शून्य. दुसरी, माहिती भरणे, फोटो काढणे, वर्षभर सांभाळणे: त्याचा तिनं रास्त आकडा लिहिला होता. नमुना फुकट, मेहनत फुकट नाही. ह्यात न समजण्यासारखं काय आहे? पण न समजायचं ठरवलं की माणसाला काहीच समजत नाही.

रागिणीच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी खुद्द कंपनीच्या अध्यक्षांचा फोन आला. शिवहारअप्पा. वय साठीचं, बोलणं मऊ, सगळ्या पंचक्रोशीत मान.

“पोरी, तुझं काम बघितलं म्या. चांगलं हाय. पण त्या शून्याचं काय करू सांग? संचालकांपुढं ठेवायला लाज वाटते. असं कर, पंधरा हजार लिव. देऊ आपण. तुझाबी फायदा, आमचीबी शोभा.”

योगेश दुकानातच होता. पंधरा हजार ऐकून त्यानं शिलाकडं असं बघितलं की बोलायची गरजच नव्हती.

“अप्पा, दुसऱ्या ओळीत मेहनतीचा आकडा लिवलाय. त्यो खरा हाय. पहिल्या ओळीत पंधरा लिवले तर ते खोटं व्हईल. इंटरनेटवर उघडं पडलेलं, कुणीबी उचलावं असं, अन् मी तुमच्याकडून पैसे घेऊ काहून?”

“अगं, देणारा राजी हाय ना!”

“घेणारी न्हाई राजी.”

अप्पा हसले, पण हसण्यात धार होती. “मंग ये सोमवारी. नांदेडची एक पार्टी पण येऊन राहिली. दोघंबी दाखवा, संचालक ठरवतील.”

फोन ठेवल्याबरोबर योगेश उसळला. “पंधरा हजार! बाई, जीपचे दोन टायर आले असते.”

“टायर पाहिजेत तर दुसरी ओळ हाय की. ते काम मिळू द्या, चारही टायर घ्या.”

“मिळंल तव्हा! शून्याला काम देतंय कोण? लोक म्हणतील, हिच्यात काहीतरी खोट हाय म्हणून वाटून राहिली.”

हे मात्र शिलाला लागलं. कारण तेच तर सगळे म्हणत होते. तिनं फोन टेबलावर आपटला आणि म्हणाली, “म्हणू द्या. खोट आसंल तर दाखवा म्हणावं. चार महिने याडीनं भाकरी जाळल्या त्या खोट्या कामासाठी का? पैसे लावले की चांगलं, न्हाई लावले की फालतू, ही कुठली मोजणी? मी शून्यच लिवणार, अन् शून्यालाच ते घेणार.”

सोमवारी सकाळी योगेशनं जीप दुसऱ्याला दिली आणि तिच्याबरोबर निघाला. हिंगोलीपर्यंत आले, तिथून एसटीनं वसमत. वाटेत शेतांत हळदीची पानं सुकून पिवळी पडलेली, काढणी तोंडावर आलेली. शिलाच्या पिशवीत तो काच तडकलेला फोन होता, आणि जिवनबाईनं बांधून दिलेल्या दोन भाकरी. “उलटलेल्या हायत,” म्हणून तिनं सांगितलं होतं.

कंपनीच्या कार्यालयात लांब टेबल, सात संचालक, भिंतीवर पांढरा पडदा. नांदेडचा माणूस आधीच येऊन बसलेला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची दोरी, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. त्याचं दरपत्रक पंच्याऐंशी हजारांचं. शिलानं आकडा ऐकला आणि योगेशनं खुर्चीत चुळबूळ केली.

“पहिले हमारा देखिए,” म्हणून त्यानं पडद्यावर वेबसाइट लावली. वर सरकणारे फोटो, मागं वाजणारं संगीत, अक्षरं उडत उडत येऊन बसणारी. संचालकांच्या तोंडून व्वा निघाला. शिला मात्र पुढं झुकून बघायला लागली. वरचा पट्टा, भावफलकाची चौकट, ‘शेतकऱ्याला फोन करा’ हे बटण, आणि त्या बटणाच्या डाव्या कडेला असलेली बोटभर मोकळी जागा. ती जागा तिनंच सोडली होती, अंगठा जाड असलेल्या माणसाला बटण नीट दाबता यावं म्हणून.

मग तो म्हणाला, “आणि हा आमचा खास प्रीमियम फोटो. प्रोफेशनल मॉडेल, स्टुडिओ शूट.”

पडद्यावर भिंतभर हात आला. तळव्यावर चार हळकुंडं. मनगटावर तीन ठिपके. पहिलं बोट टोकाशी वाकडं.

योगेश ताडकन उभा राहिला. “आई शप्पथ! ही तर आमची याडी!”

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. शिलाला ओरडायचं होतं. पण तिनं योगेशचा सदरा धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उठली.

“साहेब, मॉडेलचं नाव काय?” तिनं नांदेडवाल्याला विचारलं.

“अब नाम कैसे... एजन्सीकडून आली होती.”

“नाव जिवनबाई आडे. राहणार साखऱ्याच्या वरचा तांडा. बोट वाकडं हाय, ते हरभरा कापताना विळा लागला तव्हाचं. स्टुडिओ म्हणजे आमचं अंगण, अन् फोटो ह्याच फोननं काढलेला हाय.” तिनं तडकलेला फोन टेबलावर ठेवला. त्यात मूळ फोटो होता, तारखेसकट, आणि त्याच हाताचे भाकर थापतानाचे आणखी दहा.

फोन हातोहात फिरला. नांदेडवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “म्हणजे ह्यानं चोरी केली म्हण की!”

“न्हाई अप्पा,” शिला म्हणाली. “चोरी न्हाई. मी दिलंच होतं. कुणीबी घ्या, विकाबी, असं मीच लिवलंय. ह्यायनं घेतलं ते बराबर केलं. पण खाली एक ओळ होती नावाची, ती काढून टाकली. नाव काहून गिळलं, एवढंच इचारायचंय मला.”

नांदेडवाल्यानं ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली.

“अन् तुमालाबी इचारायचंय, अप्पा. माझ्या कागदावर हे शून्याला होतं तव्हा तुमाला लाज वाटली. ह्यायच्या कागदावर तेच पंच्याऐंशी हजाराला गेलं तव्हा तुमी सगळे व्वा म्हणले. हात त्योच, बटण तेच. मंग नेमकं आवडलं काय तुमाला, काम का आकडा?”

अशा वेळी एखादा शहाणा माणूस खोकतो, तसे एक संचालक खोकले. त्यांचं नाव लिंबाजी. मेंढरं राखून आणि तीन एकर हळद करून म्हातारा झालेला माणूस, खांद्यावर घोंगडी, खिशात स्वस्तातला स्मार्टफोन. ते म्हणाले, “पण बाई, खरं सांगू का? त्याच्यात गाणं वाजतं. फोटू पळतेत. तुझ्यात तसं न्हाई. काहीतरी जास्तीचं केलं असंल त्यानं पण.”

“केलंय की मामा. तुमच्या फोनवर बघा ना जास्तीचं.”

लिंबाजींनी फोन काढला. शिलानं आधी नांदेडवाल्याची वेबसाइट लावून दिली. तेवढ्यात चहा आला. लिंबाजी एका हातात कप धरून बघत राहिले. एक गोल चकरी फिरत होती. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्याला. चकरी फिरतच होती. दुसरी बशी प्याले. तेव्हा कुठं वरचा पट्टा आला, आणि गाणं मध्येच एकदा किंचाळून थांबलं.

“आता ही बघा,” म्हणून शिलानं दुसरा पत्ता लावला, आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, “भाकर टाकली.”

लिंबाजींनी कप खाली ठेवायच्या आत आजचा हळदीचा भाव समोर. त्यांनी जाड अंगठ्यानं बटण दाबलं, ते पहिल्याच झटक्यात लागलं, आणि कोपऱ्यात बसलेल्या रागिणीचा फोन वाजला. नमुन्याला शिलानं रागिणीचाच नंबर भरला होता. “हॅलो,” रागिणी दचकून म्हणाली. लिंबाजी कानाला फोन लावून मोठ्यानं बोलले, “आगं, म्या लिंबाजी, हितूनच बोलून राहिलो!” आणि मग सगळेच हसले.

एवढ्यावर गोष्ट मिटायला पाहिजे होती. पण माणसाची मान वाकत असली तरी मिशी वाकत नाही. अप्पा म्हणाले, “बरं, तुझाच घेऊ. ठरलं. पण ठरावात पंधरा हजार लिवू. आता तर काम बघून देऊन राहिलो, दया म्हणून न्हाई. कंपनीनं फुकटात भागवलं म्हणून वर्षाच्या सभेत सभासद तोंडावर हसतील, त्याचं काय?”

योगेश शिलाकडं बघत होता. गोरेगावच्या तीन गटांचं काम, वर्षाचं सांभाळण्याचं काम, सगळं हाताशी आलं होतं. एक होकार द्यायचा होता फक्त. आणि हेही खरं, की शिलाला त्या घडीला मोह पडला. पंधरा हजारांचा मोह कुणाला पडत नाही? पण शकुंतलाबाईचा चेहरा तिला आठवला. उद्या तिला काय सांगणार होती, वसमतवाल्यांनी विकत घेतला, तू फुकट घे? मग तर फुकटचं ते उरलंसुरलंच ठरलं असतं.

तिनं फोन पिशवीत टाकला आणि पिशवी खांद्याला लावली. “अप्पा, साचा तुमचा झाला. आज घ्या, उद्या घ्या, मला इचारायचीबी गरज न्हाई. दुसऱ्या कुणाकडूनबी सांभाळून घ्या. पण तुमच्या कागदावर त्याची खोटी किंमत लिवणार आसाल तर माझं नाव त्याच्यावर नको. चला हो,” ती योगेशला म्हणाली.

योगेश उठला. टायर गेले हे त्याला दिसत होतं, तरी उठला, आणि दारापाशी जाऊन तिच्यासाठी चप्पल सरळ करून ठेवली.

“थांब पोरी,” लिंबाजी म्हणाले. ते अप्पांकडं वळले. “अप्पा, हसायचं म्हणता? मागच्या साली फवारायचं औषध आणलं महागाचं, त्यानं एक आळी मेली न्हाई. तव्हा कोण हसलं? घरी चोरून हसले सगळे. म्या पण हसलो. लिवा शून्य. इचारलं कुणी तर म्हणावं, लिंबाजीनं चहा पिता पिता तपासलंय.”

अप्पांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकल्यासारखे ओठ हलवले आणि म्हणाले, “लिव गं रागिणी.”

रागिणी संगणकावर ठराव करायला बसली. दराच्या चौकटीत तिनं शून्य टाकलं, तर चौकट लाल झाली. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल. कार्यालयाच्या त्या कार्यक्रमाला शून्य हा आकडा मान्यच नव्हता. “घेतच नाही हो हे,” ती रडकुंडीला आली.

“मंग हातानं लिवा,” शिला म्हणाली.

रागिणीनं कोरा कागद घेतला. पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली, शिलाच्या मेहनतीचा आकडा बरोबर मांडला, तळाशी साच्याखालची नावांची ओळही उतरवली. मग पहिल्या ओळीशी थांबली. “ताई, साच्यापुढं अक्षरी काय लिहू?”

“अक्षरी रुपये शून्य फक्त.”

“फक्त पण लिहू?”

“लिवा. पुढं कुणी काही घुसवाय नको.”

सात संचालकांच्या सह्या झाल्या. अप्पांनी सगळ्यात शेवटी केली, आणि सही करताना खाली वाचून विचारलं, “तपासणी जिवनबाई आडे, म्हणजे हात त्यो ह्यायचाच ना?” योगेशनं पडद्याकडं बोट केलं. हात अजून भिंतभर तसाच होता.

निघताना नांदेडवाला जिन्यात भेटला. ओळखपत्राची दोरी त्यानं खिशात घातली होती. “म्याडम,” तो मान खाली घालून म्हणाला, “वो साचा... आमचे और भी चार क्लायंट आहेत त्याच्यावर. काढायला लागेल का?”

शिलाला वाटलं, ह्याला आता चांगला झोडावा. जिन्यात कुणी नव्हतं, ओठांवर शिव्याही आल्या होत्या. पण ती म्हणाली, “काढू नका. नवीन टाकलाय परवा, त्याच्यात जोडाक्षराची एक चूक दुरुस्त केलीय. त्यो घ्या. गाणं काढा. अन् नाव लिवा, न्हाईतर पुढच्या वेळी याडीलाच घेऊन येते.”

तो खरंच घाबरला असावा, कारण चार दिवसांनी त्याच्या चारही वेबसाइटींच्या तळाशी ती ओळ आली. गोरेगावात शकुंतलाबाईनं ठरावाची झेरॉक्स मागून घेतली, दोनदा वाचली, आणि ‘शून्य फक्त’वर बोट ठेवून म्हणाली, “मोठ्या कंपनीनं शून्य दिलं म्हणजे चांगलंच आसंल.” शिलानं कपाळाला हात लावला. पण तिन्ही गटांनी साचा घेतला.

त्या सोमवारी तांड्यावर परतायला दिवस कलला. जिवनबाई चुलीपाशीच होती. योगेशनं आल्या आल्या सगळं सांगून टाकलं, पडद्यावरचा हात, बशीतला चहा, लाल झालेली चौकट, दोन-दोनदा. जिवनबाईनं आपला हात उलटासुलटा करून बघितला, जणू त्याच्यावर काही नवीन उगवलंय.

“एवढा मोठा दिसला?”

“भिंतीएवढा,” शिला म्हणाली.

“अन् कितीला दिलास माझा हात?”

“शून्याला, याडी.”

जिवनबाईनं भाकर तव्यावर टाकली. शिलाच्या मनात आलं, आता ही पण तेच म्हणते की काय.

“अन् नाव?”

“लिवलं. सात जणांच्या सहीनं. तुझंबी.”

“मंग बराबर दिला,” जिवनबाई म्हणाली आणि भाकर उलटली.